कचेरी आणि कच्चेरी

कचेरी हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मामलेदार, अव्वल कारकून, लाल फितीत बांधलेले दप्तर आणि दाराशी पेंगणारा पट्टेवाला ही मंडळी उभी राहतात. तमिळ माणसाचे तसे नाही. आज संध्याकाळी मैलापुरात कच्चेरी आहे, असे त्याने सांगितले तर तो गाण्याच्या बैठकीविषयी बोलत आहे असे समजावे. शब्द मुळात एकच. राजा जेथे बसे ती कचेरी. आणि राजा जेथे बसे तेथे कारभार आटोपल्यावर गाणेही होई. उत्तरेकडे आणि आपल्याकडे त्या शब्दाचा कारभार शिल्लक राहिला, दक्षिणेत गाणे शिल्लक राहिले. राजे तर दोन्हीकडे गेले. राजे गेल्यावर कचेरी कशी चालली हे सांगावयास नको. परंतु कच्चेरी कशी चालली, कोणी चालविली आणि त्या चालविण्यात व्यासपीठावर कोण चढले व कोण खाली उतरले, हा इतिहास ऐकण्याजोगा आहे. त्याचा आरंभ मराठी सिंहासनापाशी होतो, हे त्याचे आणखी एक कारण.

पूर्वी ज्यास मद्रास म्हणत आणि १९९६ पासून ज्याचे नाव चेन्नई झाले, त्या शहरात डिसेंबरच्या मध्यापासून संगीताचा हंगाम सुरू होतो. हंगाम हाच शब्द योग्य. कारण आंब्याचा किंवा हुरड्याचा असावा तसा हा गाण्याचा असतो. ईशान्य मोसमी पाऊस ओसरलेला असतो, हवा मद्रासच्या मानाने थंड म्हणावी अशी असते, आणि तमिळ पंचांगातील मार्गळी महिना लागलेला असतो. हा महिना लग्नकार्याचा नव्हे, देवाचा. पहाटे दारापुढे मोठमोठ्या रांगोळ्या पडतात, देवळांतून तिरुप्पावै व तिरुवेम्पावै ही स्तोत्रे ऐकू येतात. मैलापूरच्या कपालीश्वराच्या मंदिराभोवतालच्या चार रस्त्यांवरून भजनी मंडळी गात हिंडतात; पापनाशम् शिवन् यांच्यासारखा मोठा रचनाकार या भजनाचा पुढारी असे. एकदा सूर्य वर आला की सभांची दारे उघडतात. सभा म्हणजे संगीत मंडळे. सकाळी विद्वानांची व्याख्याने, दुपारी नवशिक्यांच्या बहुधा विनातिकीट बैठका आणि सायंकाळी नावाजलेल्यांचे गाणे असा दिवसभराचा क्रम. मधल्या वेळात सभेच्या उपाहारगृहात डोसा, पोंगल आणि कॉफी. गाण्यापेक्षा उपाहारगृहाची कीर्ती अधिक असलेल्या सभाही आहेत असे तेथील रसिक थट्टेने म्हणतात. अर्थात ते म्हणतानाही त्यांच्या हातात कॉफीचा पेला असतो.

तथापि हा हंगाम काही पुराणकाळापासून चालत आलेला नाही. त्याचे वय पुरते शंभर वर्षांचेही नाही. तो का जन्मास आला हे समजण्यास तंजावरला जावे लागते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांचे राज्य सुरू झाले. कावेरीच्या त्या सुपीक मुलखात मराठी राजे मराठी राहिले आणि तेथले झालेही. शहाजीराजांनी तेलुगूत संगीतप्रबंध रचले. तुळजाजीने 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि दक्षिणेतील रागांचे त्या काळचे रूप जाणण्यास अभ्यासक आजही तो उघडतात. दुसऱ्या सरफोजीच्या कारकीर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, राज्यकारभार इंग्रजांकडे गेलेलाच होता. राजाच्या हाती ग्रंथालय आणि गाणे एवढेच उरले होते, आणि त्या दोहोंचे त्याने सोने केले. सरस्वती महाल त्याची साक्ष देतो. कर्नाटक संगीताचे तिघे महापुरुष श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे याच राज्याच्या परिसरात तिरुवारूर येथे जन्मले. त्यागराजांनी राजदरबार मानला नाही हे खरे. परंतु दरबाराच्या पोषणावर ज्या मुलखात घरोघर गाणे वाढले, त्याच मुलखात ते वाढले. नृत्याचा जो क्रम पुढे भरतनाट्यम म्हणून प्रसिद्धीस आला त्याची मांडणी करणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे बंधूही याच दरबारचे.

१८५५ साली शेवटचे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. खालसा करणाऱ्यांनी तोफा मोजल्या, खजिना मोजला, जडजवाहीर मोजले. गवई, वीणावादक आणि नर्तकी यांची मोजदाद करण्याचे त्यांना कारण नव्हते. ही माणसे पांगली. काही म्हैसूरला, काही त्रावणकोरला, काही पुदुक्कोट्टै, रामनाड व एट्टयपुरम या लहान संस्थानांत गेली. पुष्कळजण मद्रासला आले. तेथे राजा नव्हता, पण पैसा होता. जॉर्ज टाऊनमधील व्यापारी, कंपनीचे जुने दुभाषे, नंतरच्या काळातील वकील आणि सरकारी नोकर हे नवे यजमान झाले.

अशा आलेल्या कुळांपैकी एका कुळाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. तंजावरच्या दरबारात कामाक्षी नावाची नर्तकी होती. तिची मुलगी सुंदरम्माळ गायिका होती. श्यामा शास्त्र्यांचे चिरंजीव सुब्बराय शास्त्री यांच्यापाशी ती शिकली होती. या सुंदरम्माळच्या पोटी मद्रासेत १८६७ साली धनम्माळ जन्मली. पुढे सारे तिला वीणा धनम्माळ म्हणू लागले. हे घराणे देवदासींचे, म्हणजे आईकडून मुलीकडे विद्या जाणारे. दरबार बुडाल्यानंतरची या घराण्याची वाट पाहिली की मद्रासच्या हंगामाचा सारा इतिहास तिच्या कडेकडेने जाताना दिसतो.

धनम्माळ जॉर्ज टाऊनमधील एका लहानशा घरात राहत असे. दर शुक्रवारी सायंकाळी ती आपल्या खोलीत वीणा वाजवीत असे. तिकीट नाही, निमंत्रण नाही, मृदंग नाही. श्रोते भिंतीशी बसत आणि त्यांत नगरातील मोठमोठे गवई असत. कोणी बोलले, कोणी उगाच हालचाल केली तर बाईंची वीणा थांबे, असे जुने लोक सांगत. नखी न घालता उघड्या बोटांनी ती तार छेडी. त्यामुळे नाद बारीक पण दीर्घ येई, आणि त्यासाठीच शांतता लागे. त्यागराज व दीक्षितर यांच्या कृतींबरोबर क्षेत्रय्याची तेलुगू पदे तिच्या खास संग्रहातली. शृंगाराची ही पदे अत्यंत मंद लयीत गावयाची असतात, आणि त्या मंदपणातच त्यांचा सारा अर्थ साठविलेला असतो. उतारवयात दृष्टी गेली, हातात पैसा राहिला नाही, तरी शुक्रवार चुकला नाही. १९३२ साली कोलंबिया कंपनीने तिच्या काही तबकड्या काढल्या. त्या आज ऐकताना खरखर फार ऐकू येते. पण त्या खरखरीमागे एका खोलीचे माप ऐकू येते. हजार माणसांसाठी वाजविणारा हात तो नव्हे.

परंतु काळ हजार माणसांचा येत होता. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला आणि पुढील दशकात त्याची शाखा मद्रासला निघाली. संगीत ही सभ्य गृहस्थांनी वर्गणी काढून जोपासावयाची वस्तू आहे ही कल्पना मद्रासला केवळ पुण्यानेच दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; तरी ती प्रथम व्यवस्थितपणे पुढे आली ती या वाटेने, एवढे म्हणावयास हरकत नाही. मराठी कीर्तनही याच सुमारास तंजावरमार्गे दक्षिणेत रुजले होते. तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्याला हरिकथेचे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली ओळखीची छंदमंडळी तमिळ श्रोत्यांच्या परिचयाची झाली. १९०० साली ट्रिप्लिकेन भागात पार्थसारथी स्वामी सभा निघाली. तिच्यासारख्या आणखीही निघाल्या. सभासदत्वाची वर्गणी, ठरलेला वार, ठरलेली वेळ. ज्यांनी दिवसभर कचेरीत बसावे त्यांनीच संध्याकाळी कच्चेरी भरवावी, असा हा प्रकार होता.

१९२७ च्या डिसेंबरात डॉ. अन्सारी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन मद्रासला भरले. त्याच्या जोडीने अखिल भारतीय संगीत परिषद भरविण्यात आली. राजकारणाच्या मांडवात गाण्यासाठी जागा काढणे ही गोष्ट तेव्हा नवी होती. परिषदेने ठराव केला की संगीताच्या शास्त्राची आणि प्रयोगाची निगा राखणारी एक कायम संस्था असावी. ठराव पुष्कळ परिषदा करतात; हा अमलात आला. १८ ऑगस्ट १९२८ रोजी म्युझिक अकादमीचे उद्घाटन सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या हस्ते झाले. डॉ. यू. रामराव हे वैद्यकातील गृहस्थ तिचे पहिले अध्यक्ष. अकादमीची परिषद दर वर्षी नाताळच्या सुटीच्या सुमारास भरू लागली. न्यायालये बंद, कचेऱ्या बंद, परगावी असलेले आप्त घरी आलेले. यजमान जर वकील आणि कारकून असतील तर हंगामही त्यांच्या रजेप्रमाणेच ठरणार. मार्गळीचे पावित्र्य त्यास अनायासे लाभले.

१९३२ साली इंडियन फाइन आर्ट्स सोसायटी वेगळी निघाली, मग आणखी सभा निघाल्या, आणि एकाच पंधरवड्यात अनेक ठिकाणी गाणी होऊ लागली. अकादमीला स्वतःचे सभागृह मात्र १९६२ साली मिळाले; त्याची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५५ मध्ये बसविली होती. तोपर्यंत मांडव आणि उसनी सभागृहे यांवरच काम भागत असे.

नव्या यजमानाला नवे गाणे लागते. राजाला वेळेची घाई नसे. एकच राग दोन रात्री चालला तरी चालत असे. वर्गणीदाराला शेवटची ट्रॅम गाठावयाची असे. ही गोष्ट ज्याने ओळखली तो अरियक्कुडी रामानुज अय्यंगार. आरंभी वर्णम्, मग चार-दोन आटोपशीर कृती, मग एका रागाचा विस्तार व त्यातील मोठी कृती, मृदंगवाद्याला स्वतंत्र अवसर, रागम्-तानम्-पल्लवी, आणि शेवटी हलकीफुलकी पदे, जावळ्या, तिल्लाना. या शेवटच्या किरकोळ भागास दक्षिणेत 'तुक्कडा' म्हणतात. हा आपलाच तुकडा. तंजावरच्या मार्गाने गेला असो की अन्य मार्गाने. गायक, व्हायोलिन, मृदंग आणि तंबोरा एवढ्या मोजक्या मंडळींची ही बैठक तीन-चार तासांत हजार माणसांना तृप्त करून घरी पाठवू लागली. आजही कच्चेरीचा आराखडा मुख्यतः अरियक्कुडीचाच आहे. त्याने संगीत उथळ केले असा आक्षेप काहींनी घेतला. तो टिकणारा नाही; कारण त्याच चौकटीत सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर, मदुराई मणि अय्यर आणि इंग्रजी साहित्याचे पदवीधर जी. एन्. बालसुब्रह्मण्यम् यांनी तीन अगदी भिन्न स्वभावांचे गाणे मांडले. आराखडा कुणाचा गळा दाबीत नाही हे त्यावरून सिद्ध होते.

गळा दाबला गेला तो दुसऱ्याच बाजूने. १८९२-९३ पासून मद्रासेत नाचविरोधी चळवळ सुरू होती. सभ्य घरच्या समारंभात देवदासीला बोलावू नये, तिच्या कार्यक्रमास जाऊ नये, असा तिचा आग्रह होता. १९२७ च्याच सुमारास डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या कायदेमंडळात देवाला मुली वाहण्याची चाल बंद करण्याचा प्रश्न आणला. मुत्तुलक्ष्मींची आई स्वतः देवदासी कुळातली होती; त्यामुळे त्यांच्या बोलण्यात जे तेज होते ते पुस्तकी नव्हते. लहान मुलींच्या पायांत घुंगरांबरोबर काय काय बांधले जाते हे त्यांनी जवळून पाहिले होते. दुसऱ्या बाजूस ई. कृष्ण अय्यर हे तरुण वकील, अकादमीचे चिटणीस. नृत्यकला वाईट नाही, तिची स्थिती वाईट आहे, असे ते सांगत. ते पटविण्यासाठी स्त्रीवेष धारण करून स्वतः नाचतही. १९३२ च्या अखेरीस या दोघांचा वर्तमानपत्रांतून जाहीर वाद झाला. अकादमीने मार्च १९३१ मध्ये कल्याणी हिच्या मुलींचे नृत्य आपल्या व्यासपीठावर आणले होते; १९३३ च्या जानेवारीत पुन्हा आणले, आणि या वेळी सभागृह ओसंडले.

दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, आणि दोघांच्या बरोबर असण्यातून जे घडले ते मात्र त्या स्त्रियांच्या सोयीचे नव्हते. कला वाचली, तिला भरतनाट्यम हे प्रतिष्ठित नाव मिळाले, रुक्मिणीदेवींनी १९३५ मध्ये अड्यारला आपले पहिले नृत्य केल्यावर सुशिक्षित घरांतील मुली ती शिकू लागल्या. १९४७ साली मद्रासचा देवदासी प्रतिबंधक कायदाही झाला. परंतु ज्यांच्या घरात ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या राहिली होती, त्यांच्यापैकी बहुतेक जणी या सोहळ्यात प्रेक्षकांतही दिसल्या नाहीत. विद्या जिने सांभाळली तिला मुलीच्या लग्नासाठी ती विद्या लपवावी लागली, अशी किती घरे असतील याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

गाणाऱ्या स्त्रियांचीही वाट सरळ नव्हती. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीवर मंदिर बांधण्यासाठी बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातील विदुषीने आपली सारी मिळकत वेचली. तेथील आराधनेत स्त्रियांना गाऊ देत नसत, म्हणून तिने स्त्रियांची निराळी बैठक तेथेच उभी केली. दोन तट एकत्र येण्यास १९४० पर्यंत थांबावे लागले. मद्रासच्या सभांत अडचण वेगळी होती. ज्येष्ठ मृदंगवादक व व्हायोलिनवादक बाईच्या मागे बसण्यास तयार नसत. पालघाट मणि अय्यर यांच्यासारख्या अलौकिक मृदंगियाने प्रदीर्घ काळ कोणत्याही गायिकेस साथ केली नाही. ते पुढे बसले ते डी. के. पट्टम्माळ यांच्या साथीला. पट्टम्माळ या ब्राह्मण घरातील. अशा घरच्या मुलीने चारचौघांत गाणे हेच १९३० च्या सुमारास धाडस होते. त्यात त्यांनी रागम्-तानम्-पल्लवी हा पुरुषांचा राखीव मानलेला प्रांत हाती घेतला. दीक्षितरांच्या कृती त्यांना ज्यांनी शिकविल्या ते टी. एल्. वेंकटराम अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मदुराईच्या एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी वीणावादक आईच्या पोटी देवदासी कुळात जन्मल्या. त्यांचे नाव मराठी श्रोत्यांस नव्याने सांगावयास नको; नारायणराव व्यासांपाशी त्या हिंदुस्थानी गाणे शिकल्या हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. अकादमी दर वर्षी परिषदेच्या अध्यक्षाला 'संगीत कलानिधी' ही पदवी देते. १९२९ पासूनच्या अध्यक्षांच्या त्या लांबलचक नामावळीत पहिले स्त्रीचे नाव १९६८ साली आले, ते सुब्बुलक्ष्मींचे. १९७० साली पट्टम्माळ यांचे आले.

भाषेचा तंटाही याच हंगामाने पाहिला. तमिळ श्रोत्यांपुढे तमिळ गवई बसतात आणि मुख्य भाग तेलुगूत व संस्कृतात गातात. तमिळ पदे शेवटच्या तुक्कड्यात येतात. याविरुद्ध राजा सर अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने चळवळ झाली आणि १९४३ साली तमिळ इसै संगम स्थापन झाला. स्वतःचे वार्षिक महोत्सव आणि पुढे स्वतःचे सभागृह त्याने उभारले. त्या वेळी वर्तमानपत्रांत शाई पुष्कळ सांडली. आज दोन्ही सभांत तेच गायक गातात.

नागस्वरमवाल्यांचा प्रश्न इतका सहज सुटला नाही. हे देवळाचे वाद्य, उभ्याने वाजवावयाचे, मिरवणुकीच्या पुढे चालत वाजवावयाचे. टी. एन्. राजरत्नम पिळ्ळै यांनी आपण गवयाप्रमाणे व्यासपीठावर बसूनच वाजवू असा हट्ट धरला, केस कापले, कोट चढविला आणि सभांना नमविले. १९४७ साली दिल्लीत स्वातंत्र्याच्या सोहळ्यात त्यांचेच नागस्वरम घुमले. आजही सभांच्या हंगामाचा आरंभ नागस्वरमच्या मंगलवाद्याने होतो. मात्र तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. मंडळी येतात ती नंतरच्या गाण्याला.

धनम्माळ १९३८ साली वारली. आकाशवाणीचे मद्रास केंद्र त्याच वर्षी सुरू झाले, आणि जे एका खोलीत मावत होते ते घरोघर जाऊ लागले. तिची नात बालसरस्वती हिने सात वर्षांची असताना कांचीपुरमला पहिले नृत्य केले होते. भोवती सारे नृत्य उजळ घरांत जात असताना ती आपल्या आजीची पदे गात त्यांवर अभिनय करीत राहिली; त्यातील शृंगार धुऊन काढण्यास तिने साफ नकार दिला. १९७३ साली अकादमीने तिला संगीत कलानिधी केले. नर्तकीला ही पदवी त्याआधी मिळाली नव्हती, त्यानंतरही मिळालेली नाही. दुसरी नात बृंदा हिने आजीची पदे गळ्यात जशीच्या तशी सांभाळली. तिच्या बैठकीला गर्दी होत नसे. परंतु मोठे गायक तिच्याकडे शिकावयास जात, आणि त्यांत सुब्बुलक्ष्मीही होत्या. बृंदाला ही पदवी १९७६ साली मिळाली.

मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम या बृंदाच्या शिष्या. २०१८ साली त्याही संगीत कलानिधी झाल्या. अलीकडच्या हंगामांत त्यांच्या कच्चेरीला श्रोते एका वेगळ्याच कारणासाठी शेवटपर्यंत बसून राहत. तेलुगू कृती, रागविस्तार, मृदंगाचा अवसर हे सारे यथासांग होई. मग तुक्कड्यांची वेळ येई, मृदंगाची चाल बदले, आणि कांजीवरम नेसलेल्या मैलापूरच्या वृद्ध स्त्रिया मांडीवर ताल धरून विठ्ठलाचा मराठी अभंग ऐकू लागत.